फोन घरी केव्हा असतो?

ऑक्टोबर २०२१ मधली गोष्ट. माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती त्याच महिन्यात एका शाळेत सहावीच्या वर्गावर लागली होती. शहरात आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरपासून भरू लागले होते, पण पाचवी ते सातवीची पोरं तेव्हाही मोबाईलवरच होती. पहिला तास आटोपताच तिने मला फोन लावला. "ताई, अर्धा तास मी एकटीच बोलून राहिली होती गं. शेवटी समजलं, माझा माईकच बंद होता. पोरं चुपचाप बघून राहिली होती, एकानेही सांगितलं नाही."

तिचा आवाज ऐकला आणि मला माझा जुलै २०२० आठवला. तासभर तिच्याशी बोलले, तरी अर्धं राहूनच गेलं. म्हणून सगळं लिहूनच काढते. तिच्यासारखे नव्याने लागलेले आणखीही असतील.

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. आमची मुलं पारडी, वाठोडा, नंदनवन भागांतून येतात. कुणाचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात, कुणाचा ऑटो आहे, कुणाचा पानठेला. बऱ्याच आया सकाळी घरकामाला बाहेर पडतात. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून होतं.

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला आणि त्यानंतर काही दिवसांतच शाळा बंद झाल्या. दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही. तेव्हा वाटलं, चला, एक काम कमी झालं. ते काम पुढच्या वर्षी दारात येऊन उभं राहणार आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या शिक्षकांपेक्षा आम्हाला थोडे दिवस जास्त मिळाले. मुख्याध्यापक सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की ऑनलाईन शिकवायचं आहे आणि रोज संध्याकाळी अहवाल द्यायचा आहे. कसं शिकवायचं, ते त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मी नववीची वर्गशिक्षिका, पटावर ५२ मुलं. प्रवेश अर्जावरचे नंबर घेतले आणि एकेका घरी फोन लावायला बसले. चार दिवस लागले. निम्मे नंबर बदललेले. एका नंबरवर मुलाचे काका, दुसऱ्यावर जुने घरमालक, तिसरा थेट उमरेडच्या एका हॉटेलात लागला. त्या हॉटेलवाल्या दादांनी मात्र मुलाच्या आजोबांना निरोप पोचवला आणि रात्री मुलाचा फोन आला.

चार दिवसांनी वहीत हिशेब मांडला. १९ घरी दिवसभर राहणारा स्मार्टफोन होता. २१ घरी स्मार्टफोन होता, पण तो वडिलांबरोबर किंवा आईबरोबर कामावर जायचा. ७ घरी बटणांचा साधा फोन. ५ जणांचा पत्ताच लागला नाही. ती कुटुंबं गावाकडे निघून गेली होती.

हा हिशेब माझ्याजवळ होता, तरी मी पहिला तास सकाळी अकराला ठेवला. कारण शाळेत गणिताचा तास अकराला असायचा. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातला तो दिवस. स्वयंपाकघरात ओट्यावर डाळीचे दोन उंच डबे, त्यांच्यावर आडवी स्टीलची पट्टी, पट्टीवर मोबाईल, खाली वही. त्या फोनमधून मी संच शिकवणार होते. बरोबर ११ वाजता ९ मुलं आली. त्यांतल्या सहा जणांचे माईक चालू. पाऊस अजून धड लागला नव्हता, उकाडा होता आणि घरोघरी कूलर सुरू होते. सहा कूलरची घरघर एकाच फोनमधून कशी ऐकू येते, ते नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यात एकीकडे कुकरची शिटी, दुसरीकडे भाजीवाल्याची हाक, आणि एका आजीचा खणखणीत प्रश्न: "कोण बाई बोलून राहिली रे इतक्या जोरानं?" मुलगा म्हणाला, "मॅडम हायेत आजी, गणित शिकवून राहिल्या." आजी म्हणाल्या, "मग तू काहून झोपून ऐकून राहिला? उठून बस!" तो उठून बसला. त्यामागोमाग पडद्यावरची आणखी दोन मुलं सरळ बसली.

चाळीस मिनिटांनी मीटिंग आपोआप बंद पडली. फुकटच्या खात्याला तेवढाच वेळ मिळतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी वाक्याच्या मध्यात होते. त्या दुपारी मी जेवले नाही. चौदा वर्षं शिकवते आहे, पण वर्गात शिरल्यावर काय करावं ते कळत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस धडपडीत गेले. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. लिंक आदल्या रात्री टाकू नका, ती शंभर शुभेच्छांखाली दबून जाते. तासाच्या दहा मिनिटं आधी टाका. नाव लिहिताना आधी हजेरी क्रमांक लिहायला लावा. आमच्याकडे पहिल्या दिवशी हजेरीत "मम्मी", "पप्पा नवीन नंबर", फोनच्या कंपनीचं नाव आणि नुसता एक गुलाबाचा फोटो, असे विद्यार्थी होते. क्रमांक आला आणि अहवालाचं अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर आलं. समोरचा कॅमेरा वापरलात तर आपल्याला स्वतःचं अक्षर उलटं दिसतं, पण मुलांना ते सुलटंच दिसतं. मी दोन दिवस वेगवेगळी सेटिंग बदलत बसले, मग शेजारच्या खोलीत मुलीच्या हाती दुसरा फोन देऊन खात्री केली. आणि माईक बंद असल्याचं मुलं आपणहून सांगत नाहीत, त्यांना भीड वाटते. म्हणून दर तासाला एका मुलाला "आवाज मॉनिटर" नेमायचं. आवाज गेला की त्याने हात हलवायचा. पहिल्या मॉनिटरने उत्साहाच्या भरात आवाज नीट येत असतानाही दर दोन मिनिटांनी हात हलवला, पण त्याच्यामुळे मला एकही तास वाया गेल्याचं दुःख झालं नाही.

खर्चही सांगते, कारण तो कुणी भरून देत नाही. तेव्हा बर्डीच्या बाजारातून ट्रायपॉड ४५० रुपयांना, कॉलरला लावायचा माईक ३५० ला, दोन बाय तीनचा पांढरा बोर्ड ६०० ला. रिचार्ज तेव्हा ८४ दिवसांचा, रोज दीड जीबी, ५५५ रुपये. पुढे बोर्ड फारसा कामी आला नाही. पडद्यावर त्याच्यावर उजेड चमकतो. वहीचा कागद, जाड स्केचपेन आणि वरून धरलेला मोबाईल, एवढ्यावर वर्ष निघालं. माईक मात्र घ्याच. चेहरा नीट दिसला नाही तरी चालतं, आवाज तुटला की मूल निघून जातं.

रिचार्जचा हिशेब मी दहावीच्या मुलांना अर्थनियोजनाच्या धड्यात उदाहरण म्हणून घातला. ५५५ रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, तर मूळ किंमत किती? ५५५ ला १.१८ ने भागलं की ४७० रुपये ३४ पैसे. राहिलेले ८४ रुपये ६६ पैसे कर, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. एक मुलगा थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "म्हणजे मॅडम, आम्ही शाळेत यायचा टॅक्स भरून राहिलो." त्या दिवशीचं उदाहरण एकही मूल विसरलेलं नाही.

२२ जुलैला सरकारने वेळा ठरवून दिल्या: नववी ते बारावीला दिवसाला ४५ मिनिटांची चार सत्रं. अभ्यासक्रम २५ टक्के कमी झाला. कागदावर सगळं बसलं. माझ्या अकराच्या तासाला मात्र अजून १५-१६ च्या वर मुलं येत नव्हती, आणि मी रोज ग्रुपवर रागाचे मेसेज टाकत होते. मग एका मुलीच्या आईचा रात्री नऊला फोन आला. "मॅडम, पोरीवर रागावू नका जी. फोन तिच्या बाबांजवळ राहते. ते आठ वाजता घरी येतात. ती तेव्हापासून तुमचा धडा बघत बसते, पण तुम्ही तर निघून गेल्या राहता."

त्या रात्री जूनची वही पुन्हा काढली. २१ घरी फोन बाहेर जातो, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी एक महिना त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: तुमचा फोन घरी केव्हा असतो? उत्तरांवरून नवं वेळापत्रक बांधलं. सकाळी साडेसातला, कामावर जायच्या आधी, एक तुकडी. रात्री आठला दुसरी. तेच शिकवणं दोनदा. अकराचा तास बंद केला. मुख्याध्यापक सर आधी कचरले, कारण अहवालाच्या फॉर्ममध्ये रात्रीची वेळच नव्हती. मी म्हटलं, सर, शेऱ्याच्या रकान्यात लिहू. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि स्वतःच्या जबाबदारीवर हो म्हटलं. आठवड्याभरात दोन्ही मिळून ३६-३७ मुलं येऊ लागली. बहिणीला मी सगळ्यात आधी हेच विचारायला सांगितलं. लिंक, अ‍ॅप, माईक सगळं नंतर.

राहिली ती बटणांच्या फोनवाली सात. त्यांच्यासाठी कॉन्फरन्स कॉल. साध्या फोनलाही तो चालतो, आपल्यासह सहा जण होतात. चार आणि तीन असे दोन गट केले: एक मंगळवारी रात्री साडेआठला, दुसरा शुक्रवारी. बीजगणित बोलून शिकवता येतं, पण प्रत्येक चिन्ह उच्चारावं लागतं. "एक्सचा वर्ग, अधिक पाच एक्स, अधिक सहा, बरोबर शून्य." मग मुलं एकेक करून परत वाचून दाखवायची. भूमितीसाठी आकृत्यांच्या झेरॉक्स काढल्या, एक रुपयाला पान, आणि पारडी चौकातल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या पानठेल्यावर ठेवल्या. येता-जाता लोक आपापल्या पोराची घेऊन जायचे. त्या ठेल्याने वर्षभरात किती त्रिकोण पोचवले, त्याची मोजदाद नाही.

ऑगस्टमध्ये तान्हा पोळा आला. एरवी या दिवशी आमच्या भागातली लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी फिरतात. त्या वर्षी बाहेर पडायचं नव्हतं. सकाळच्या तासाला एका मुलाने आपल्या धाकट्या भावाचा बैल कॅमेऱ्यासमोर धरला, मग दुसरा आला, तिसरा आला, आणि पाहता पाहता पडदाभर लाकडी बैल, रंगीत झुली, गळ्यात घुंगरू. नववीची घोडी, पण एकेकाने आपला लहानपणीचा बैल माळ्यावरून शोधून काढला होता. त्याच दिवशी नागपुरात रोगराई घेऊन जा म्हणत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिच्यातल्यासारखा एकजण ओरडला, "कोरोना घेऊन जाय गे मारबत!" मी सगळे माईक उघडले आणि सगळ्यांना ओरडू दिलं. त्या दिवशी बहुपदी झाली नाही.

सप्टेंबर वाईट गेला. शहरात रुग्ण खूप वाढले होते आणि 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाची ड्युटी लागली. हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर, दिवसभर ऊन, घरी येऊन दाराबाहेर आंघोळ, मग रात्री आठचा तास. सकाळचा तास त्या काळात बंद ठेवावा लागला. त्याऐवजी रोज एका उदाहरणाचा फोटो आणि तीन मिनिटांचा आवाज ग्रुपवर टाकायचे. हे नाइलाजाने सुरू केलं, पण पुढेही चालू ठेवलं, कारण ज्या घरी दोन-तीन भावंडं एकाच फोनवर शिकत होती, तिथे रोजचा दीड जीबी दुपारीच संपायचा. फोटो आणि आवाज उघडायला फारसा डेटा लागत नाही.

राज्यात नववी-दहावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून सुरू करायला परवानगी मिळाली, आमच्या शहरात मात्र ४ जानेवारी २०२१ उजाडली. आधी शिक्षकांची आरटीपीसीआर, मग पालकांची संमतीपत्रं. एका पालकांनी संमतीपत्रावर खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "पोराला शाळेत घ्या, पण फोनवरचा तास बंद करू नका, त्याची बहीण पण ऐकते." जेमतेम दोन महिने मुलं दिसली. फेब्रुवारी संपता संपता शाळा पुन्हा बंद, १५ मार्चपासून शहरात आठवडाभर टाळेबंदी, आणि नंतर एप्रिल.

एप्रिल २०२१ बद्दल मी फार लिहू शकत नाही. रात्रभर सायरन. ग्रुपवर गृहपाठाच्या जागी बेड, इंजेक्शन, सिलिंडर. आमच्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील गेले. त्यांपैकी एका घरी फोन वडिलांचाच होता आणि तो महिनाभर बंद लागत होता. मी रोज एकदा लावून पाहायचे. मे महिन्यात एके दिवशी मुलीने उचलला. म्हणाली, "मॅडम, हजेरी लावाल का माझी?" सुट्ट्या होत्या, हजेरी नव्हतीच. मी लावली म्हटलं आणि फोन ठेवून वहीत तिच्या नावापुढे खरंच टीक केली.

दहावीची परीक्षा २० एप्रिलला रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि २८ मे रोजी मूल्यमापनाची पद्धत आली. प्रत्येक विषयाचे १०० गुण असे मोजायचे: नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे २०. या मुलांची नववी म्हणजे २०१९-२०. दुसऱ्या सत्राची परीक्षा न झालेली तीच नववी. शाळेच्या निकाल समितीत मी होते. जुनी रजिस्टरं काढली, पहिल्या सत्राचे गुण पुन्हा जुळवले, मग दहावीच्या ३० गुणांसाठी वर्षभरातल्या ऑनलाईन चाचण्या. इथे एक सवय कामी आली. प्रत्येक चाचणीचे फोटो मी हजेरी क्रमांकाच्या फोल्डरमध्ये, नावात तारीख घालून, ४०० रुपयांच्या मेमरी कार्डवर ठेवत गेले होते. काही आडवे, काही अंधुक, एका फोटोत उत्तरपत्रिकेवर मांजर बसलेलं, पण होते. एका सहकाऱ्याचा फोन डिसेंबरमध्ये बिघडला होता. त्यांना प्रत्येक मुलाला गाठून वह्या पुन्हा मागवाव्या लागल्या. सत्तर मुलं, जूनचं ऊन. त्यांनी एकाही मुलाचा गुण अंदाजाने टाकला नाही. म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून सगळं जपून ठेवा, दोन ठिकाणी.

१६ जुलैला निकाल लागला. राज्याचा ९९.९५ टक्के. फोनवर मुलं आनंदी होती, पण काही गोंधळलेलीही. एकजण म्हणाला, "मॅडम, पास झालो, पण पेपर लिहायचा राहूनच गेला ना." त्याला काय उत्तर द्यावं हे मला आजही सुचलेलं नाही. त्याने वर्षभर रात्री आठला, गच्चीच्या पायऱ्यांवर बसून, एकही तास चुकवला नव्हता.

तोवर जुलै-ऑगस्टमधला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, सुरू झाला होता. माझी नववी आता दहावी झाली होती. वेळापत्रक, मॉनिटर, पानठेला, मंगळवार-शुक्रवार, सगळं बसलेलं होतं, त्यामुळे या काळाबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

४ ऑक्टोबरला शाळा उघडली. एका बाकावर एक मूल, सगळ्यांना मास्क. उंची इतकी वाढलेली की निम्मी मुलं ओळखू येईनात. हजेरी घेतली तर तिघा-चौघांनी "प्रेझेंट मॅडम" म्हणून सवयीने लगेच विचारलं, "आवाज येऊन राहिला का?" मागच्या बाकावर एक उंच मुलगा बसला होता. नववीला तो दुसऱ्या शाळेतून आलेला, जानेवारीत गावाकडेच असलेला. मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने "यस मॅडम" म्हटलं आणि मी मान वर न करता त्याचं नाव घेतलं. मंगळवारच्या गटातला होता तो.

सुट्टीत तो वही घेऊन आला. प्रत्येक पानावर वर "मंगळवार" आणि तारीख, खाली मी बोललेली समीकरणं. एका ठिकाणी त्याने "अधिक" असं अक्षरातच लिहून ठेवलं होतं. कॉलमध्ये खरखर होती म्हणाला, चिन्ह नंतर टाकीन म्हटलं आणि राहिलं. वही परत घेताना थोडा घुटमळला.

"मॅडम, आई विचारून राहिली होती. आता शाळा सुरू झाली, तर मंगळवारचा फोन बंद का जी?"

"का रे?"

"नाही, ती पोळ्या करता करता ऐकते. तिची नववी राहून गेली होती."

दुसऱ्याच दिवशी मंगळवार होता. साडेआठला फोन लावला. तिनेच उचलला.